लाल दोऱ्याचा बोजा

यंदाची सीतादही परवा झाली. पहिल्या वेचणीआधी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, एका झाडाला दहीभात वाहायचा, चार बोंडं हातानं वेचून ओटीत घ्यायची आणि मग बायांनी ओळीनं शेतात शिरायचं, एवढाच हा सण. आमच्या सूनबाई अमरावतीहून बैलांच्या दमणीत बसून शेतावर गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या त्या केसांत कापसाचे तंतू घेऊन. ते बघून मी उगाच खाकरलो आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. म्हातारपणी डोळ्यांना पाणी यायला कारण लागत नाही, असं घरात सगळ्यांना वाटतं. माझी त्याला हरकत नाही.

त्याच दिवशी पुतण्याचं विलायतेहून पत्र आलं. तो तिकडे बॅरिस्टर व्हायला गेला आहे. पत्रात धुकं, थंडी, अभ्यास, उकडलेले बटाटे, सगळं होतं, आणि अगदी शेवटी, कागद संपत आल्यावर घाईनं लिहिलेली एक ओळ होती : ‘जवसाची चटणी पाठवता येईल काय? इथे कोणाला सांगू नये, पण फार आठवण येते.’ घरात लगेच धावपळ सुरू झाली. जवस भाजायला घेतले. टिनाचा डबा आणला. डब्याला डाग देऊन तो हवाबंद करायचा, की वर मेण ओतायचं, यावर वाद झाला. मी पत्र हातात घेऊन बसलो होतो. ‘इथे कोणाला सांगू नये’ या चार शब्दांवर माझं बोट अडकून बसलं होतं.

मी शिकायला गेलो तो मुंबईला. पण त्या काळची मुंबई आमच्या गावापासून विलायतेइतकीच लांब. वलगावजवळचं आमचं खेडं. तिथून बैलगाडीनं मुक्काम करत करत रेल्वेच्या टोकाला पोचायचं आणि मग आगगाडीत बसायचं. आगगाडी तेव्हा वऱ्हाडात आली नव्हती, आमच्या भाषेत ‘येऊन राहिली’ होती. साता समुद्रांपलीकडे कुठेतरी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. त्या लढाईत कोण कोणाशी भांडत होतं, हे आमच्या गावात एकालाही माहीत नव्हतं. पण लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या आणि माझ्या बापाला वाटलं, आपल्या पोरानं डॉक्टर व्हावं. मुंबईत देशी भाषेतून डॉक्टरी शिकवायचा वर्ग होता. शाळेच्या मास्तरांनी शिफारस लिहून दिली आणि मी निघालो.

कापसाचा भाव चढण्याआधी आमच्या वावरात निम्मी ज्वारी असायची. मी मुंबईला निघालो त्याच्या आदल्या वर्षी बापानं या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत पऱ्हाटीच पेरली. सगळ्या गावानं तेच केलं. त्यामुळे त्या हिवाळ्यात आमच्या शिवारात हुरडा झाला नाही. लहानपणापासून हिवाळा म्हणजे मला गोवऱ्यांच्या आगट्यात भाजलेल्या कणसांचा वास ठाऊक. तो त्या वर्षी कोणाच्याच वावरातून आला नाही. माय एकदाच म्हणाली, ‘कापूस काय दातानं चावता येते का?’ बाप हसला. सगळेच हसले. ज्वारी मग बाजारातून आणायची पाळी आली, तीही महाग, आणि माय ती मडक्यात झाकून पसापसानं काढायला लागली. हे मला तेव्हा समोर दिसत होतं, पण त्याचा अर्थ फार उशिरा कळला.

गिरगावात एका रत्नागिरीकडच्या काकूंची खाणावळ होती. काकू विधवा, मनानं मोकळ्या, हातानं सढळ. पण ताटात भात. सकाळी भात, संध्याकाळी भात, वर खोबऱ्याचं वाटण लावलेली आमटी. भातानं पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही, हा शोध मला तिथं लागला. भाकर मोडताना बोटांना जो जोर लावावा लागतो, तोच मी विसरत चाललो. पहिल्याच आठवड्यात मी न राहवून विचारलं, ‘काकू, आज चून नाही का?’

वऱ्हाडात चून म्हणजे पिठलं. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, तेल, मिरची. गरिबाघरी रोजचं आणि श्रीमंताघरीही रोजचंच. काकूंना ते कुठून माहीत असणार? त्यांनी भाबडेपणानं पानाच्या तबकातली चुन्याची डबी आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. मी गोंधळून म्हणालो, ‘हे नाही, मले खायले पाह्यजे.’ मग काय विचारता! अख्खी पंगत पोट धरधरून हसली. त्या दिवसापासून माझं नाव ‘चुनेवाला’ पडलं. पोरं वाईट नव्हती. त्यांतल्याच दोघांनी मी तापानं पडलो तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसून काढले. पण थट्टा करणाऱ्याला ती संध्याकाळपर्यंत विसरता येते, आणि ज्याची होते त्याला ती अंथरुणातही पुरते. महिनाभरात मी ‘मला’, ‘तुला’ म्हणायला शिकलो. काकूंच्या दारच्या आरशासमोर उभा राहून शिकलो, खोटं कशाला सांगू? कोथिंबिरीला सांभार म्हणायचं सोडलं. काहून सोडलं, का आलं. जेवताना बोललोच नाही तर चुकायचा प्रश्नच नाही, म्हणून जेवताना बोलणंही सोडलं.

वर्गात दुसरा वऱ्हाडी एकच होता. करीम, पातूरच्या पिंजाऱ्याचा मुलगा. त्याचा बाप खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव हिंडायचा आणि लोकांच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचा. करीमची आई तो रांगत होता तेव्हाच गेली. शिकण्याचा भार अकोल्याचे मामा उचलत. हा गडी मुंबईत येऊनही तसूभर बदलला नाही. मुसलमानांशी उर्दू बोलायचा आणि उरलेल्या जगाशी वऱ्हाडी. एकदा शिकवणाऱ्या डॉक्टरांनी हाडांची नावं विचारली, तर हा उभा राहून म्हणाला, ‘मले येते जी, पन आता आठवून नाही राह्यलं.’ वर्ग हसला, डॉक्टर हसले, आणि हाही हसला. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर चिडलो.

‘हसू दे ना,’ तो म्हणाला. ‘आपलं काय जाते?’

माझं बरंच काही जात होतं, पण ते त्याला समजावून सांगता येईना.

रविवारी आम्ही दोघं कुलाब्याला जायचो. तिथं समुद्राच्या कडेला कापसाचं मैदान होतं. उघड्या आभाळाखाली गोणपाटाच्या बोज्यांचे डोंगर रचलेले. वाऱ्यावर तंतू उडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या मिशांवर बसायचे. इथं ते सैल बोजे उसवायचे, कापूस तपासायचा, मग दाबाखाली घालून घट्ट गासड्या बांधायच्या आणि जहाजावर चढवायच्या. मुंबईचे लोक तिथं भाव ऐकायला यायचे. आम्ही बोली ऐकायला जायचो. व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर आमच्याकडचे राखणदार यायचे, आणि बोज्यांच्या आडून कोणीतरी ओरडायचं, ‘अबे, काहून बसून राह्यला तिकडं?’ ते ऐकलं की माझे खांदे आपोआप सैल व्हायचे.

करीम पिंजाऱ्याचं पोर. बोज्याच्या फाटक्या कोपऱ्यातून चिमूटभर कापूस ओढायचा, अंगठ्यावर ताणायचा आणि सांगायचा, हा अकोटकडचा, हा परतवाड्याकडचा. खरंखोटं त्याचं त्यालाच माहीत. मी आपला आजूबाजूला कोणी नाही असं बघून गोणपाटात नाक खुपसायचो. सरकीचा तेलकट वास, वाळल्या पाल्याचा चुरा, थोडी धूळ. आमच्या अंगणात रेच्यावर बसून बाया सरकी काढायच्या, तेव्हा हाच वास येई. डॉक्टरीच्या पुस्तकात नाकाची रचना सविस्तर दिली होती. वासानं माणूस गावाला पोचतो, ते मात्र त्यात नव्हतं.

पौषात घरचं पत्र आलं. पत्र मास्तरांच्या हातचं, त्यामुळे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ वगैरे सगळं शिस्तीत. पण खाली मायनं सांगितलेली गोष्ट त्यांनी तिच्याच तोंडची उतरवली होती : ‘आपला कापूस मुंबईले गेला. त्याच्यात तुह्यासाठी भाकरी घातल्या. बोज्याचं तोंड लाल दोऱ्यानं शिवलं हाय. काढून घेजो. बापाले सांगू नको.’

मी ते तीनदा वाचलं. मग माझ्या लक्षात सगळं आलं. व्यापाऱ्याची माणसं अंगणात येऊन कापूस बोज्यांत तुडवून भरत आणि तोंडं शिवायला दाभण मायच्याच हातात देत, कारण तिची शिवण पक्की. तिनं माणसांची नजर चुकवून एका बोज्यात शिदोरी सरकवली आणि नेहमीच्या सुतळीऐवजी लुगड्याच्या काठाचे लाल धागे वळून ते तोंड शिवलं. तिचा हिशेब सरळ होता. आपला कापूस मुंबईला जातो. आपला पोरगाही मुंबईलाच आहे. मग जे कापसात घालू ते त्याला पोचेल. मुंबई म्हणजे तिच्या लेखी अमरावतीच्या बाजाराहून थोडी मोठी; गाडीचे बैल सोडले की पोरगा पुढे होणार आणि आपला बोजा ओळखून घेणार.

मी करीमला पत्र दाखवलं. तो आधी मोठ्यानं हसला. मग त्यानं पत्र घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, ‘चाल, पाहू.’

‘अरे, हजारो बोजे आहेत तिथं!’

‘लाल दोऱ्याचा एकच असन ना?’

त्यानंतर आम्ही रविवारच नव्हे, रोज वर्ग सुटला की कुलाबा गाठायला लागलो. उन्हं कलेपर्यंत बोज्यांची तोंडं बघत फिरायचं. राखणदारांना करीमनं सांगून ठेवलं होतं. त्यांनी आमची थट्टा केली नाही. वाशिमकडचा एक म्हातारा राखणदार तर येणाऱ्या प्रत्येक खटाऱ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि आम्हाला लांबूनच मान हलवून ‘नाही’ सांगायचा. तीन आठवडे असे गेले. या तीन आठवड्यांत मला भूक लागायला लागली. खाणावळीत पोटभर जेवून उठलो तरी भूक. मायनं चटणी कशाची दिली असेल, जवसाची की तिळाची, यावर मी आणि करीम भांडायचो. त्याला कोणी काही पाठवणारं नव्हतं, पण भांडायचा मात्र हिरिरीनं.

आणि मग तो रविवार. त्या दिवशी आमच्या पंगतीतली दोन पोरं हवा खायला म्हणून आमच्याबरोबर आली. मी त्यांना नको म्हणू शकलो नाही. लाल दोऱ्याचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. आम्ही मैदानात शिरलो तेव्हा एका बोज्याभोवती माणसं जमली होती आणि एका पेढीचा मेहता तार स्वरात बोलत होता. त्याच्या एका हातात उसवलेला लाल दोरा होता. दुसऱ्या हातात फडकं.

कापसात माती, दगड, सरकी मिसळून वजन वाढवणाऱ्यांवर तेव्हा सरकारची करडी नजर होती. मेहता घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस फार ओरडतो. त्यानं फडकं सोडलं. आत उन्हात वाळवून करकरीत केलेल्या ज्वारीच्या भाकरी होत्या. त्यांतल्या दोहोंना कडेनं हिरवी बुरशी धरली होती. चटणी टिकावी म्हणून मायनं ती तेलात कालवली होती. ते तेल फडक्यातून झिरपून ओंजळभर पांढऱ्या कापसाला लागलं होतं. जवसाचीच होती चटणी. करीमशी चाललेलं भांडण मी जिंकलो होतो.

‘आजवर दगडं निघाली, माती निघाली,’ मेहता म्हणाला. ‘आता भाकऱ्या! हा माल मी साहेबाला काय म्हणून दाखवू?’

लोक हसले. वाशिमचा म्हातारा तेवढा हसला नाही. ‘कोन्या मायनं पोरासाठी धाडलं असन, मेहताजी,’ तो म्हणाला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

‘कोण तो पोरगा? पुढे ये म्हणावं.’

पंगतीतला एक जण मला कोपरानं ढोसून म्हणाला, ‘काय रे चुनेवाला, तुमच्याकडचं का हे?’

मी म्हणालो, ‘मला नाही ठाऊक.’

अगदी स्वच्छ, आरशासमोर घोटलेलं ‘मला’. ते माझ्या तोंडून निघालं आणि मी बाजूला बघायला लागलो. त्यानंतर मी आयुष्यात पुष्कळ वाईट गोष्टी पाहिल्या, पटकीच्या साथी पाहिल्या, पण लाज म्हटली की मला ते मैदान आणि वाऱ्यावर हलणारा तो लाल दोरा आठवतो.

‘माह्यं हाय जी,’ शेजारून करीम म्हणाला.

‘तुझं? नाव काय तुझं?’

‘करीम. पातूरचा. माह्या मायनं धाडलं.’

मेहत्यानं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. ‘तुझ्या आईला सांग, कापसाचा बोजा म्हणजे शिदोरीची झोळी नव्हे.’

‘सांगतो जी,’ करीम म्हणाला. खाली वाकून त्यानं सांडलेला भाकरीचा तुकडा उचलला, फुंकला आणि फडक्यात ठेवला. लाल दोराही मागून घेतला.

पंगतीतली पोरं पुढे निघून गेली. आम्ही दोघं समुद्राच्या कडेला खडकावर बसलो. तो रागावेल अशी मी वाट बघत होतो. त्यानं फडकं माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः हातभर मागे सरकला. ‘आतल्याले हात नाही लावला मी. खाली पडलेला तुकडा तेवढा उचलला. तू आधी घे.’ मुसलमानाच्या हातचं आमच्यात चालत नाही, हे तो त्या घटकेलाही विसरला नव्हता. मी त्याचा हात धरून त्याला जवळ ओढलं. बुरशी खरवडली, राखणदाराकडून मागून आणलेल्या तांब्यातल्या पाण्यात भाकरी भिजवल्या आणि आम्ही एकाच फडक्यातून खाल्लं. भाकरीला कापसाचे तंतू चिकटले होते, ते दातांत अडकत होते. आमच्याच वावरातला कापूस. चटणीत मीठ जरा जास्त होतं. मी ढसाढसा रडलो. धर्म मोडायला मला क्षणभरही भीती वाटली नाही. आपलं हसं होईल याची मात्र वाटली होती. करीम नुसता खात राहिला. शेवटी फडकं झाडून त्यानं घडी घातली आणि म्हणाला, ‘बरं हाय बाप्पा, माय असनं.’

वैशाखात सुट्टी लागली आणि मी घरी गेलो. पाय धुवायच्या आत मायनं मला रांजणामागे ओढलं आणि हळूच विचारलं, ‘लाल दोऱ्याचा बोजा भेटला का रे?’

भेटला म्हणालो असतो, तर कसा भेटला तेही आलं असतं. ‘मला मिळाला नाही,’ मी म्हणालो. शिकलेल्या मराठीत खोटं बोलायला सोपं जातं, असं मला वाटलं.

तिचा चेहरा पडला, पण माझ्यासाठी. ‘जाऊ दे,’ ती माझी समजूत घालायला लागली, ‘भुकेल्याच्याच पोटात गेलं असन. या वक्ती दोन बोज्यात घालतो. एक तरी भेटनच.’ आणि तिनं चुलीवर तवा चढवून मला ऊन ऊन भाकर करून घातली. ती मी खाल्ली. ती तिच्या हातची, माझ्यासाठी केलेली शेवटची भाकर, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी करीम आला. मामाबरोबर अमरावतीला आला होता, तिथून चालत आमच्या गावी. मायला मोठं कौतुक वाटलं. तिनं त्याला ओसरीवर पत्रावळ मांडली, वरून भाकर वाढली, चून वाढलं. तो मान खाली घालून भरभर जेवत होता. माय चौकटीशी बसली आणि म्हणाली, ‘तू बी मुंबईलेच असते ना, बाप्पू? मंग तूच ध्यान ठेवजो. मी याच्यासाठी कापसात भाकर घातली होती, लाल दोरा लावून. याले काही भेटली नाही.’

‘भेटली ना, माय!’ करीम तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला. ‘मीच तर आनली. आमी दोघांनं...’

मग त्याला माझा चेहरा दिसला. ‘म्हंजे... थो दुसरा बोजा असन,’ तो म्हणाला.

माय जराही हलली नाही. तिनं विचारलं, ‘चटनीत मीठ कसं होतं?’

करीमनं माझ्याकडे पाहिलं, पत्रावळीकडे पाहिलं. त्याला खोटं बोलता येत नसे. एकदाच बोलला होता, तेही माझ्यासाठी. ‘जरासक जास्त होतं,’ तो म्हणाला.

‘हो,’ माय म्हणाली. ‘त्या दिवशी हात चुकला होता माह्या.’

एवढंच. ती उठून आत गेली. तिनं मला काही विचारलं नाही, पुढेही कधी विचारलं नाही. तिला काय काय कळलं, ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी आम्ही बापलेक जेवायला बसलो, तेव्हा बापाच्या ताटात भाकर होती आणि माझ्या ताटात गव्हाची पोळी. गहू आमच्याकडे सणाला आणि पाहुण्याला. मला वाटलं, सुट्टीचं कौतुक चाललं आहे. तेवढ्यात माय दुसरी पोळी घेऊन आली आणि म्हणाली, ‘घ्या. अजून एक घ्या तुमी.’

बापानं मान वर करून बघितलं. आमच्याकडे बाया सासऱ्याला तुमी म्हणतात, पटवाऱ्याला म्हणतात. पोटच्या पोराला कोणी म्हणत नाही. मी म्हणालो, ‘माय, रागावली का?’

‘कायचा राग?’ ती म्हणाली, आणि खरंच तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मी पाय धरले असते. तिनं फक्त एक गोष्ट समजून घेतली होती, की आपला पोरगा आता भाकरीचा राहिलेला नाही, आणि चार लोकांत त्याला आपली लाज वाटू नये एवढी काळजी आपण घ्यायची. पुन्हा कापसात लाल दोरा आला नाही.

लढाई संपली, भाव उतरले, शेंब्या शिंगांवरून निघाल्या आणि वावरात परत ज्वारी आली. हुरडाही आला. मी डॉक्टर झालो आणि अकोल्याच्या दवाखान्यात लागलो. सणासुदीला घरी जायचो. माय पाट मांडायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायची, पोळी वाढायची आणि ‘तुमी’ म्हणायची. एकदा मी धीर करून म्हणालो, ‘माय, आज भाकर कर ना.’ ती कावरीबावरी झाली. ‘तुमाले कायले भाकर? गहू हाय ना घरात,’ म्हणाली आणि लगबगीनं कणीक भिजवायला गेली. त्या वेळी तरी सगळं सांगून टाकायचं होतं. मैदान, मेहता, पंगतीतलं पोरगं, सगळं. पण ती पाठमोरी होती, आणि मला शब्द जुळेनात; जुळत होते ते सगळे पुस्तकातले.

करीमनं दुसऱ्या वर्षीच वर्ग सोडला. सगळा कापूस मुंबईच्या वाटेला लागल्यावर गाद्या-रजया भरायला कोणाकडे कापूस उरला नाही. त्याच्या बापाची धनुकली खुंटीला लागली, आणि त्यातच बापानं अंथरूण धरलं. पुढे दिवस पालटल्यावर तीच धनुकली करीमनं खांद्यावर घेतली. दर हिवाळ्यात तो फिरत फिरत आमच्या गावी जायचा आणि मायची रजई पिंजून द्यायचा. माय त्याला ओसरीवर बसवून भाकर घालायची. त्याला ती ‘तू’ म्हणायची. जाताना चार भाकरी बांधूनही द्यायची.

माय जाण्याआधीच्या शेवटच्या हिवाळ्यात तो पातूरला परतताना अकोल्याला माझ्याकडे थांबला. त्यानं मायनं बांधून दिलेली शिदोरी सोडली आणि अर्धी भाकर माझ्यापुढे केली. वर चटणी होती, जवसाची. मी खाल्ली. मीठ अगदी बेताचं होतं. सगळं बरोबर होतं, फक्त ती माझ्यासाठी केलेली नव्हती.

परवा पुतण्याच्या डब्याला डाग देऊन झाला, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, ‘वर पुस्तकं असं लिहू या का? तिकडे कोणी हसायला नको.’ मी म्हणालो, ‘चटणी लिहा. मोठ्या अक्षरात लिहा.’ आवाज नको तितका चढला. पुतण्याला पत्रही लिहायला घेतलं आहे. पहिल्या ओळीपुढे गेलेलं नाही.

काल मी स्वतः शेतावर गेलो. दुपारी बाया वेचणी थांबवून बाभळीच्या सावलीत जेवायला बसल्या. त्यांतल्या एकीनं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, तव्यावरची, कडेनं किंचित करपलेली, आणि वर चटणीचा गोळा. मी जवळ जाऊन नुसता उभा राहिलो. ती संकोचून म्हणाली, ‘साहेब, तुमाले चालन का आमची भाकर?’

‘मले चालते,’ मी म्हणालो. ‘मले भूक लागून राह्यली, माय.’

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. साहेब आपली नक्कल करून राहिले, असं त्यांना वाटलं असावं. ती बाई तोंडाला पदर लावून हसली, तिनं भाकरीवर फडकं ओढलं आणि माझ्यासाठी घरून आलेला पोळ्यांचा डबा उघडून माझ्यापुढे सरकवला.

‘घ्या,’ ती म्हणाली. ‘तुमी हे घ्या.’